शुक्रवारी पाणी सोडतात

४ नोव्हेंबर

बाळ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडशील, हे धरूनच लिहायला बसलो आहे. छत्तीस वर्षं मास्तरकी केली. समोरचा ऐकतोय की नाही हे बघून बोलायची सवय कधीच गेली.

परवा मावशी येऊन गेली. तिच्याकडून कळलं, यंदाच्या सहलीची सगळी जबाबदारी तुझ्या शाळेनं तुझ्या गळ्यात घातली आहे. तळं, भोवतालचं जंगल, साठ मुलं. हे ऐकून तुझी आई उठून आत गेली. मी दोन दिवस नुसता येरझाऱ्या घालत होतो.

न मागता सल्ला देणाऱ्याची किंमत मला ठाऊक आहे. तरी ऐक.

जागा स्वतः बघून ये. ज्या वारी, ज्या वेळेला मुलं तिथं असणार, त्याच वारी, त्याच वेळेला जा. रविवारचं पाणी वेगळं असतं आणि शुक्रवारचं वेगळं. तिथं रोज राबणारं कुणीतरी गाठ, राखणदार म्हण, गवत कापणारी बाई म्हण, आणि विचार की इथं आजवर काय काय झालंय. पाटीवर लिहिलेलं वाचून परत येऊ नकोस. सहलीआधी भरून द्यायचा तो धोक्यांचा तक्ता गेल्या वर्षीचा उतरवून काढू नकोस. बरोबरच्या मोठ्या माणसांत एक जरी कमी पडलं तरी बस सुटू देऊ नकोस, मग कुणी कितीही ओरडो. रांगेच्या पुढे मोठं माणूस, रांगेच्या मागे मोठं माणूस. मागे मूल नको, ते कितीही शहाणं असलं तरी. आणि उशीर झाला असेल तर बेत बदल. उशीर झालेल्या माणसाला पाणी नेहमी उथळच दिसतं.

बाकी ठीक. तुझ्या आईचा उजवा गुडघा आता जिन्याला नाही म्हणतो. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी मी घालतो आणि ती खालून ओरडून चुका काढते.

जावई गोदामात मालाची आवक बघतात असं मावशी म्हणाली. मला वाटलं होतं, एव्हाना कुठल्या तरी शाळेनं त्यांना घेतलं असेल. माणूस गुणी आहे.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

तुझे बाबा

२१ नोव्हेंबर

बाळ,

उत्तर आलं, पण मावशीच्या तोंडून. "त्यांना म्हणावं, सहल कशी न्यायची हे मला जगातल्या कुणीही शिकवावं, त्यांनी शिकवू नये." तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, वर तुझा आवाजही काढून दाखवला. नक्कल करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, रागही आला.

सहा वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस. मी कुठला गुन्हा केला? सातवीची सहल नदीपलीकडच्या पक्षी निरीक्षण केंद्रावर गेली. बेचाळीस मुलं. नदीच्या उतारावर, जिथून लोक चालत पलीकडे जातात तिथं, घोट्याएवढं पाणी होतं, ऊन लख्ख होतं. मुलं पार होत असताना वरच्या धरणातून पाणी सोडलं गेलं आणि एक मुलगी वाहून गेली. मुलांना पाण्यात कुणी उतरवलं? खेळाच्या सरांनी. धोक्यांचा तक्ता कुणी भरला होता? त्यांनीच. त्या तक्त्यात पाणी सोडण्याचा उल्लेख होता का? नव्हता. सही कुणाची? त्यांचीच. हे मी म्हणत नाही, चौकशी समितीच्या अहवालात आहे. ते माझे जावई निघाले हा माझा दोष नाही.

उलट त्या वेळी सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मुख्याध्यापक आता जावयाची बाजू सावरणार, असं लोक उघड बोलायचे. मी सावरली नाही. समितीसमोर विचारलं तेवढंच सांगितलं. त्यांना कामावरून काढलं, पुन्हा कुठल्याही शाळेत नेमू नये असा शेरा मारला, तेव्हा मी एका शब्दानं आड आलो नाही. माझ्या निरोप समारंभात एक पालक म्हणाले, "सरांनी घरच्या माणसालाही सोडलं नाही, असा न्यायी माणूस पुन्हा होणे नाही." टाळ्या पडल्या. तुझी आई पहिल्या रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवल्या की नाही ते मला दिसलं नाही. मी त्या बाजूला बघितलं नाही.

तू मला एकदाच विचारलं होतंस. आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून उभी होतीस. "बाबा, तो पहिला तक्ता तुमच्याकडे आहे ना? मी त्यांना लिहिताना बघितलंय, रविवारी, आमच्या जेवणाच्या टेबलावर. दोन पानं होती."

मी म्हणालो, "माझ्याकडे एकच तक्ता आला."

तू पिशवी उचललीस आणि गेलीस.

तो प्रसंग मी का लिहिला कोण जाणे. लिहायचा विचार नव्हता.

बाबा

९ डिसेंबर

बाळ,

माळ्यावर वाळवी लागली. तुझ्या आईनं सगळी जुनी दप्तरं खाली काढायला लावली आणि एकेक झटकत बसली. मी बाजारात गेलो होतो. परत आलो तर माझ्या चष्म्याच्या घरावर दोन पानं ठेवलेली. हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात होती. मीच ठेवली होती.

ती भाजी चिरत होती. मी पानं उचलली, खिशात घातली, आणि तिनं विळीवरून मान वर न करता म्हटलं, "खिशात कशाला? तिथं वाळवी लागत नाही म्हणून?"

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी फक्त "वाढलंय" एवढंच बोलते आहे.

तर, तक्ता होता. दोन पानांचा होता. तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

जावयांचं अक्षर तुला माहीतच आहे, मुंग्यांची रांग. मी तसंच उतरवतो:

"रविवारी उतारावर जाऊन आलो. धरणाच्या चौकीदाराशी बोललो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला पाणी सोडतात. उतारापर्यंत यायला दहा-बारा मिनिटं लागतात. भोंगा वाजतो, पण वाऱ्यामुळे उतारावर ऐकू येत नाही. गेल्या वर्षी दोन म्हशी गेल्या. आपली सहल शुक्रवारी आहे. एक तर वार बदलावा, नाही तर उतारावर उतरूच नये, पुलावरून वळसा घ्यावा. वळशाला सव्वा तास जास्त लागेल. मोठी माणसं किमान तीन हवीत: एक पुढे, एक मध्ये, एक मागे."

याहून चांगला तक्ता मी छत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. आणि मी तो परत केला.

का, ते सांगतो. केंद्राचं उद्घाटन शुक्रवारीच होतं. शिक्षणाधिकारी येणार, वर्तमानपत्राचा माणूस येणार. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि शाळेतल्या एका तरी गोष्टीचा फोटो छापून यावा असं मला फार वाटत होतं. इतकंच. मोठ्या पापाला मोठं कारण असतं असं मुलांना वाटतं. मलाही वाटायचं.

जावयांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणालो, "अहो, हे असं लिहिलंत तर शाळा समिती परवानगीच देणार नाही. नदीची ओळ काढा आणि नवा तक्ता भरा."

ते म्हणाले, "सर, ओळ काढली म्हणून पाणी यायचं थांबेल का?"

"बस आठला सुटेल. साडेनऊला तुम्ही पलीकडे असाल. अकराचा प्रश्न येतोच कुठे?"

शाळेत ते मला सर म्हणत, घरी बाबा. त्या दिवशी केबिनमध्ये ते म्हणाले, "बाबा, शब्द देता? दहाच्या पुढे गेलं तर वळसाच घ्यायचा." मी म्हणालो, "दिला." मग त्यांनी माझ्यासमोर बसून नवा तक्ता भरला. एकच पान. सही केली.

पहिली दोन पानं मी खणात टाकली. अपघात झाला त्या संध्याकाळी ती घरी आणली. फाडायला दोनदा काढली. हात धजला नाही. कागद फाडायची सवय नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबा

१६ डिसेंबर

बाळ,

काल तुझी आई बोलली.

"त्याचा कागद त्याला देऊन टाका."

मी म्हणालो, "आता सहा वर्षांनी काय उपयोग?"

"उपयोग होईल का असं मी विचारलंच नाही."

मी म्हणालो, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोकांनी टाळ्या वाजवून झाल्यात. आता त्यांना दुसरं काही करू द्या." मग म्हणाली, "माझी मुलगी सहा वर्षं या घरात आली नाही. मला वाटायचं, पोरीचा स्वभाव तापट. मी फोनवर तिलाच समजावत होते हो. म्हणायचे, बापावर एवढा डूख धरू नये." एवढं बोलून ती पदर तोंडाशी धरून बसून राहिली, आणि मला तिच्या जवळ जाववलं नाही.

तिला मी अजून सगळं सांगितलेलं नाही. तुला आधी सांगतो. कागदावर सांगणं सोपं जातं, कागद तोंडाकडे बघत नाही.

बस आठला सुटली नाही. टायर बसलं. निघायला सव्वानऊ झाले. त्यात तिसरं मोठं माणूस मीच कमी केलं. चित्रकलेच्या बाई बरोबर जाणार होत्या, मागे राहण्यासाठी. सहामाहीचे गुण त्याच दिवशी वर पाठवायचे होते, म्हणून मी त्यांना बसमधून खाली उतरवून घेतलं. "दोघं पुरेत," असं खिडकीतून जावयांना ओरडून सांगितलं आणि हात हलवला. मुलांनीही हात हलवले.

उतारावर पोहोचायला त्यांना अकराला दहा कमी झाले होते. जावयांनी मला फोन केला.

समितीला मी सांगितलं, की तो फोन मुलांच्या डब्यांबद्दल होता. जावयांनी सांगितलं, की वळसा घेऊ का हे विचारायला केला होता. समितीनं मुख्याध्यापकांवर विश्वास ठेवला.

ते म्हणाले होते, "सर, उशीर झालाय. मी पुलावरून नेतो."

मी म्हणालो, "उद्घाटन साडेअकराला आहे. वळशानं गेलात तर सगळं आटपल्यावर पोहोचाल. पाणी किती आहे?"

"घोट्याएवढं. पण..."

"पण काय? दहा मिनिटांत बेचाळीस मुलं पार होतात. भराभर काढा."

मुलांचा गलका तेवढा ऐकू येत होता. मी म्हणालो, "ऐकताय ना?" ते "बरं" म्हणाले.

दिलेला शब्द मला त्या वेळी आठवत होता का? होता. हे मी आजवर स्वतःपाशीही कबूल केलेलं नाही.

दहा मिनिटांत बेचाळीस मुलं पार होत नाहीत. वीस मिनिटं लागतात. जावई पात्राच्या मध्ये उभे राहून एकेकाला हात देत होते, विज्ञानाच्या बाई पलीकडे उतरवून घेत होत्या. अलीकडे मोठं कुणी नव्हतं. मग मुलांना ओळीत सोडणार कोण, मोजणार कोण? वाहून गेलेली ती मुलगी वर्गप्रमुख होती. वकीलबाई म्हणायचे तिला सगळे, दर गोष्टीवर "पण का, सर?" म्हणून उभी राहायची म्हणून. एकदा तिनं माझ्या केबिनमध्ये येऊन मधली सुट्टी पाच मिनिटांनी वाढवून घेतली होती. पाच मुद्दे मांडले होते, बोटं मोजून. बारा वर्षांची मुलगी तीरावर उभी राहून मोठ्या माणसाचं काम करत होती. विज्ञानाच्या बाईंनी समितीला सांगितलं, की तिचा आवाज पलीकडे स्पष्ट येत होता. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

मग ती स्वतः उतरली.

जावई तिच्यामागे गेले. त्यांचा खांदा खडकावर मोडला हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बाबा

८ जानेवारी

बाळ,

शिक्षण खात्यात जाऊन आलो. हसू नकोस, पण काही भाग हसण्यासारखाच आहे.

खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "काय काम?"

म्हणालो, "तक्रार द्यायची आहे."

"कुणाविरुद्ध?"

"सेवानिवृत्त मुख्याध्यापकांविरुद्ध."

"तक्रारदार?"

"सेवानिवृत्त मुख्याध्यापक."

त्यानं चष्मा काढला. "आजोबा, दोन्ही रकान्यांत एकच नाव चालत नाही."

मग त्यानं मला दुसऱ्या टेबलावर पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्यावर. तिसऱ्यावरची बाई म्हणाली, प्रकरण बंद झालंय, बंद प्रकरणात नवा कागद घ्यायचा नियम शोधावा लागेल. मी बाकावर बसून राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी त्याच बाईनं मला आत नेलं. अधिकारी माझा जुना विद्यार्थी निघाला. मला बघून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी दोन पानं त्याच्यापुढे ठेवली आणि फोनचंही सांगितलं.

त्यानं वाचलं. चहा आला होता तो त्यानं माझ्याकडे सरकवला नाही. मग म्हणाला, "सर, हे तुम्ही आमच्याकडे आणलंत. त्या मुलीच्या घरी गेला होतात?"

मी नाही म्हणालो.

"मग आधी तिकडे जा. आमची नोटीस त्यांच्या दारात जाईल, त्याआधी."

त्याला मी सहावीत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. तो जबाब उतरवून घेताना एकदाही मला "सर" म्हणाला नाही. "जबाब देणारा" असंच लिहीत गेला, आणि तेच बरोबर होतं.

घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. फोनसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. मग उठली आणि दिवा न लावताच आतल्या खोलीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून "वाढलंय" हेही बंद झालं. ताट झाकून ठेवलेलं असतं.

बाबा

२७ जानेवारी

बाळ,

तीनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. चौथ्यांदा गेलो तो कालचा दिवस.

तळमजल्याची खोली आहे. वडील कुलपं आणि चाव्या दुरुस्त करतात. पुढच्या भिंतीवर खिळ्यांना शेकडो चाव्या टांगलेल्या, आत आई शिवणयंत्रावर. मुलीनंतर त्यांना मुलगा झाला आहे. चारेक वर्षांचा असेल. तो यंत्राखाली चिंध्यांशी खेळत होता.

मुलीच्या वडिलांनी मला ओळखलं. "या सर," म्हणाले, आणि स्टूल पुसून दिलं. त्यांच्या लेखी मी घरच्या माणसालाही न सोडणारा मुख्याध्यापक होतो. दर वर्षी त्या तारखेला मी त्यांना भेटायला जायचो, निवृत्त होईपर्यंत. ते माझे हात हातात घ्यायचे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसलो असतो तर बोललो नसतो. कागद, बस, चित्रकलेच्या बाई, फोन. त्यांची मुलगी मागे का उभी होती, ते. मधेच यंत्राचा आवाज थांबला.

वडिलांच्या हातात कानस होती. ती त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. म्हणाले, "चला, बाहेर व्हा." ओरडले नाहीत. मी वळलो.

"थांबा," मुलीची आई म्हणाली.

ती उठून समोर आली. बोटाला अजून अंगुस्तान होतं. म्हणाली, "सहा वर्षं मी तुमच्या जावयाला शाप देतेय. सकाळी उठल्यावर पहिला आणि दिवा मालवताना शेवटचा. त्याला मूल होऊ नये म्हणून. त्याला कुणी पाणी देऊ नये म्हणून. आता ते सगळे परत कसे घ्यायचे, ते सांगा. तुम्ही मास्तर आहात ना? सांगा."

मी भिंतीवरच्या चाव्यांकडे बघितलं.

"आणि तो धावला होता का तिच्यामागे?"

"धावले. खांदा मोडला त्यांचा."

"हे मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "अहवालात होतं?"

होतं. अठराव्या पानावर, एक ओळ. अहवाल त्यांना वाचून दाखवायला मीच गेलो होतो. ती ओळ मी वाचली नव्हती.

हेही मी तिला सांगितलं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती मागे सरली, यंत्रावर बसली, आणि तिचा पाय पायडलवर नुसताच राहिला.

तुम्हाला मूल का झालं नाही, हे मी तुला विचारणार नाही. शापानं काही होत नाही हे मला माहीत आहे. तरी त्या बाईनं म्हटलेलं वाक्य माझ्या कानातून जात नाही.

बाबा

३ मार्च

बाळ,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुझी आई तुझ्या घरी असेल. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या निळ्या पिशवीत आहेत, सकाळची अर्धी आणि संध्याकाळची अख्खी. ती उलट घेते.

खात्याचं पत्र तुम्हाला मिळालंच असेल. जावयांवरचा शेरा मागे घेतला. माझ्यावर पुढे काय करायचं ते ठरवताहेत. वर्तमानपत्रात आलं. शेवटी माझा फोटो छापून आला. शेजारी आता मला बघितल्यावर किल्ल्या शोधत घरात शिरतात. त्यात त्यांची चूक नाही.

आईला न्यायला तू येशील अशी मला आशा होती. बेल वाजली, दार उघडलं, तर जावई उभे. केस पिकलेत त्यांचे. डावा खांदा जरा खाली आहे. मी "या" म्हणालो. ते आत आले, पण बसले नाहीत. तुझी आई आत शेवटचं काहीबाही भरत होती, आम्ही दोघं त्या पुढच्या खोलीत उभे.

मी दोन पानं त्यांच्यापुढे धरली. खात्यानं नक्कल ठेवून मूळ परत केलं होतं. त्यांनी घेतली, स्वतःचं अक्षर वाचलं. सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

"चौकीदार वारला गेल्या वर्षी," ते म्हणाले. "मी कधी कधी जायचो त्याच्याकडे."

मी म्हणालो, "आता शाळेत परत जाता येईल तुम्हाला. कुठलीही शाळा घेईल."

"नाही. रस्त्यावरून मुलांची रांग चालली असली ना, तरी मी उभा राहून मोजतो. ती पार होईपर्यंत हलत नाही. गोदाम बरं. खोक्यांना काही होत नाही."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही. त्यांनी मला मधे थांबवलं नाही. एवढंच म्हणाले, "ती तुमची पत्रं वाचते. सगळी वाचली. पण आता थोडे दिवस पाठवू नका. वाचल्यावर शाळेत तिला उभं राहवत नाही. सहल तिनं दुसऱ्या बाईंना द्यायला लावली." मग म्हणाले, "मुलीच्या आईचं पत्र आलं मला. चार ओळी. ते मी तिला अजून दाखवलेलं नाही."

तुझ्या आईनं बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं. "गॅस बंद करत जा," म्हणाली. पन्नासेक दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

जावयांनी दोन्ही बॅगा उजव्या हातात घेतल्या. मी एक घ्यायला गेलो तर ते "राहू द्या" म्हणाले. तुझी आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. ते तिच्या पुढे एक पायरी ठेवून चालले होते, ती पडली तर अंगावर पडावी म्हणून. मधल्या वळणावर त्यांनी तिला उभं राहून दम घ्यायला लावला आणि वर बघितलं. मी दारातच होतो.

म्हणाले, "एक सांगू का? त्या दिवशी फोन लावताना मी पुलाकडेच तोंड करून उभा होतो. रांग वळवली होती. तुम्ही फोन उचलला नसतात ना, तर मी वळसाच घेतला असता."

त्यात राग नव्हता. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मग ते दोघं खाली गेले. मी त्यांची पावलं ऐकत राहिलो, आणि खालचं दार लागल्यावर आत आलो.

आता तू म्हणेपर्यंत लिहिणार नाही.

तुझे वडील